बावीस शून्यं

"मागच्या आठवड्यात रात्री झोप—"

"शून्य घाला."

"बाई, प्रश्न पुरा तर होऊ द्या. मागच्या आठवड्यात रात्री झोप लागायला त्रास झाला का? अजिबात नाही म्हणजे शून्य, कधीकधी म्हणजे एक, बऱ्याचदा म्हणजे..."

"ठाऊक हाय की सर. चौथ्यांदा ऐकतेय. शून्य घाला."

मी शून्य लिहिलं. दुसरा प्रश्न जेवणाचा होता, त्यालाही शून्य. तिसरा रडू येण्याचा, चौथा कामात लक्ष लागण्याचा. ऐवळे बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत एकेक शून्य माझ्या पुढ्यात टाकत गेल्या. बावीस प्रश्न संपायला एरवी पंचवीस मिनिटं लागायची, त्या दिवशी सहा लागली. त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगांची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्या मॅडमना द्या. आन् माझं नाव काढून टाका आता. बरी झाले मी."

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. कोल्हापुरातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून नोकरीच्या शोधात चपला झिजवत होतो आणि सांगलीत डॉ. शरयू ताम्हनकरांच्या केंद्रात चिकटलो. मॅडम मनाच्या आजारांवर बोलण्याचा उपचार करायच्या. आठवड्यातून एक तास पेशंटला समोर बसवायचं, बोलतं करायचं, ऐकायचं. औषध नाही, इंजेक्शन नाही. पुण्याच्या एका न्यासाने तीन वर्षांसाठी पैसे दिले होते, पण त्यांचा रोकडा सवाल होता: बोलून माणूस बरा होतो याला पुरावा काय? तो पुरावा गोळा करायला मला नेमलं होतं.

मुलाखतीत मॅडमनी माझं गुणपत्रक पाहिलंच नाही. दहा मिनिटं माझ्याशी इकडचं तिकडचं बोलल्या आणि म्हणाल्या, "भूपाल, तुझ्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही रे. मला असाच माणूस हवाय." आमच्या घरात मला सगळे मठ्ठ म्हणत. त्याच गुणावर पगार सुरू झाला.

काम सरळ होतं. दर चार आठवड्यांनी पेशंटला बावीस प्रश्न वाचून दाखवायचे. समजावून सांगायचं नाही, मान डोलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही. उत्तराला शून्य ते तीन गुण. जितके जास्त गुण तितका त्रास जास्त. बेरीज केली की चार वर्गांपैकी एकात माणूस बसायचा: बरा, सुधारला, जैसे थे, घसरला. बेरीज दहाच्या खाली आली की बरा. बरा झाला की त्याचा तास बंद, आणि ती जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. बरा नाही झाला तर चोवीस आठवड्यांपर्यंत जागा त्याचीच. कोण कोणत्या वर्गात ते ठरवताना मॅडमचं मत धरायचं नाही, हा नियम खुद्द मॅडमनीच केला होता. आपला पेशंट बरा झाला असं प्रत्येक डॉक्टरला वाटतंच, म्हणून. पेशंट आत काय बोलतो ते त्या मला सांगत नसत आणि मीही विचारत नसे. माझ्यापाशी नुसते आकडे होते आणि त्यांच्याशी माझं छान जमत होतं.

ऐवळे बाईंचं पूर्ण नाव कलावती. जतच्या बाजूला एका वाडीत त्या अंगणवाडी चालवायच्या. वय चाळिशीचं, अंगकाठी बारीक, कायम इस्त्रीची सुती साडी. रात्र रात्र झोप नाही, अन्न जात नाही, कामावर जाऊन नुसत्या बसून राहतात म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. सहासष्टपैकी त्यांचे पहिले गुण सेहेचाळीस. चार आठवड्यांनी एक्केचाळीस. आठ आठवड्यांनी सदतीस. गाडी रुळावर होती, पण बैलगाडी होती.

आणि बाराव्या आठवड्यात शून्य.

गुरुवारी बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी आणखी एक बाई बसायची. रेश्मा नदाफ, वय वीस. बाळंतपणापासून ती कुणाशी बोलत नव्हती आणि पोराला हात लावत नव्हती. पोर सासूच्या मांडीवर असायचं. नाव नोंदवताना मी रेश्माचा फॉर्म भरला तेव्हा एक्कावन्न गुण आले होते, पण यादीत तिच्यापुढे माणसं होती. सासू बिचारी दर गुरुवारी तिला घेऊन यायची. नंबर लागला नसेल तर तास-दीड तास बसून परत जायची. समोर दिसत राहिलं की कुणाला तरी दया येईल, असा तिचा हिशेब असावा.

शून्याच्या आदल्या गुरुवारी मी बाकासमोरून जात होतो. ऐवळे बाईंनी रेश्माचं पोर सासूकडून मागून घेतलं होतं. दोन्ही तळहातांवर ते आडवं धरलं, किंचित वर उचललं, पुन्हा खाली आणलं. भाजीवाल्याकडचा भोपळा आपण बघतो ना हातात घेऊन, तसं.

"किती म्हैन्याचं?"

"पाचवा सरंल आता," सासू म्हणाली.

बाईंनी पोर परत दिलं आणि मला हाक मारली. "सर, हिचा नंबर कधी लागायचा?"

"यादीत पहिलीच आहे आता. जागा रिकामी झाली की लागेल."

"जागा रिकामी कशी हुती?"

"कुणीतरी बरं झालं की," मी म्हणालो आणि चहाला गेलो.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. तरी पुढच्या गुरुवारी बावीस शून्यांची बेरीज करताना मला ते आठवलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो.

मॅडमनी फॉर्म हातात घेतला आणि चष्मा वर केला. "शून्य? अरे, हे प्रश्न मला विचारलेस तर माझे बारा येतील. तुझे किती येतात?"

"मी कधी भरला नाही."

"मागच्या आठवड्यापर्यंत ही बाई..." त्या थांबल्या. पुढचं मला सांगायचं नव्हतं. "तुला काय वाटतं भूपाल?"

"दहाच्या खाली म्हणजे बरी. नियम तुमचाच आहे."

"नियम मला पाठ आहे." त्यांनी फॉर्म न उलटता माझ्याकडे दिला. "शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंयस?"

फॉर्मच्या पाठीमागे एक रकाना होता: उत्तरं विश्वासार्ह वाटतात का? होय किंवा नाही. तेवढं एक मत माझं मोजलं जायचं. तिथे 'नाही' लिहिलं असतं तर फॉर्म बाद झाला असता, पुढच्या आठवड्यात पुन्हा भरून घेतला असता आणि बाईंचे उरलेले बारा गुरुवार बाईंकडेच राहिले असते.

संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. खरं उत्तर देणाऱ्या माणसाचे आकडे वेडेवाकडे पडतात, कुठे एक, कुठे दोन, कुठे शून्य. सगळीकडे एकच आकडा आला की समजावं, माणूस प्रश्नाला उत्तर देत नाहीये, फॉर्मला देतोय. मला ते समजलं होतं. पण पंधरा दिवसांनी न्यासाची माणसं येणार होती आणि 'बरा' या वर्गात माझ्याकडे उणीपुरी पाच नावं होती. सहावं मिळालं तर बरं असं सकाळीच मनात आलं होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

"होय लिहिलंय," मी म्हणालो. तोवर तो रकाना कोरा होता. मॅडमच्या खोलीतून बाहेर आल्यावर भरला.

मॅडम बाईंना गाठायला बाहेर आल्या, तर बाई फाटकापर्यंत पोचल्या होत्या. दोघी तिथेच उभ्या राहून बोलल्या. मी खिडकीतून बघत होतो. बाईंनी वाकून मॅडमचे पाय धरले आणि एस.टी.चा तीन तासांचा प्रवास आहे म्हणून झपझप निघून गेल्या. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता त्यांच्या खुर्चीत रेश्मा नदाफ बसली.

न्यासाची माणसं आली. मी मोठ्या कागदावर रेघा काढून ठेवल्या होत्या, प्रत्येक पेशंटची एक. बाईंची रेघ कड्यावरून उडी मारावी तशी खाली गेली होती. एक वयस्कर साहेब तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! याला म्हणतात पुरावा." मॅडम तेव्हा चहा गाळत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र त्या थापेवर आठवडाभर जगलो.

तीन महिन्यांनी बऱ्या झालेल्या पेशंटच्या घरी जाऊन तोच फॉर्म समक्ष भरायचा, असाही एक नियम होता. वैशाखातल्या एका सकाळी मी जतच्या एस.टी.त बसलो. फाट्यावर उतरून दोन मैल चाललो. वाटेत एक झाड असेल तर शपथ. वाडीच्या समाजमंदिरातच अंगणवाडी भरत होती आणि त्या दिवशी पोरांच्या वजनाचा वार होता.

आढ्याला घड्याळाच्या तबकडीसारखा काटा टांगला होता आणि त्याच्या खाली कापडाची झोळी. एक म्हातारी मदतनीस झोळीत पोरं घालत होती. आया रांगेत उभ्या होत्या. ऐवळे बाई वही घेऊन खाली बसल्या होत्या, पण काट्याकडे पाठ करून. तोंड भिंतीकडे.

"सहाच्या म्होरं चार बारक्या रेघा," म्हातारी ओरडली.

"पुन्हा बघा, हिरामावशी."

"चार."

"पोराला काढा. पुन्हा घाला. मग बघा."

मी दारात उभा राहून मोजत होतो. मोजण्याची मला सवयच आहे. अकरा पोरं होती आणि हिरामावशीने तेहतीस वजनं केली. पोरं रडून लाल झाली, आया कुजबुजत होत्या, घामाने मावशीच्या लुगड्याचा पदर ओला झाला होता. त्या अख्ख्या वेळात बाईंनी एकदाही मान वळवली नाही.

मला पाहून मावशी पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "बाई काट्याकडं बघत न्हाईत ओ. घरी पण रात्रभर बसूनच असत्यात, त्यांचा मालक सांगत हुता. तुमी डाक्टर का?"

"नाही. मी नुसता फॉर्म भरतो."

आया गेल्या. बाई उठून आल्या. साडी इस्त्रीची होती, पण अंगात हाड आणि कातडं उरलं होतं. मला वाटलं आपण आल्या पावली परत जावं.

"इतक्या लांब कशाला आलासा सर? कार्ड टाकायचं हुतं. शून्य लिहून धाडलं असतं."

"समक्ष विचारायचा नियम आहे."

"मग विचारा."

मी पहिला प्रश्न वाचायला घेतला. अर्ध्यातच शून्य आलं. दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा प्रश्न असा होता: आपल्या हातून मोठी चूक झाली, असं वारंवार मनात येतं का?

"शून्य," बाई म्हणाल्या आणि लगेच आत तोंड करून, "मावशी, त्या शेवटच्या पोरीचं नक्की चारच रेघा हुत्या न्हवं?"

मी पेनाला टोपण लावलं. तीन महिन्यांपूर्वी जे करायला हवं होतं ते आता केलं.

"बाई, तुम्ही खोटं सांगताय. त्या दिवशीही सांगितलंत. आणि मला ते कळलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं.

"कळलं हुतं? मग होय कशापायी लिवलं?"

"मला ते आकडे हवे होते."

"तुम्हालाबी, व्हय?" त्या जमिनीवर बसल्या. मीही बसलो. मग त्यांनी जे सांगितलं ते मॅडमना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, मला आज कळत होतं.

"कागदावर बरं कसं करायचं ते मला लई चांगलं जमतं सर. सागर नावाचं पोरगं हुतं हितं. दोन वर्षाचं. काट्यावर सहा किलो भरलं. म्हंजी चौथी श्रेणी. चौथ्या श्रेणीचं पोर तालुक्याला दवाखान्यात धाडावं लागतं, आईनं संगं ऱ्हावं लागतं. त्याच्या आईनं माझं पाय धरलं. ऊसतोडीची टोळी दुसऱ्या दिवशी निघायची हुती, ती मागं ऱ्हायली असती तर वरीसभर खायाचं काय? मला दया आली. मी सहाचं साडेआठ लिवलं. पोरगं दुसऱ्या श्रेणीत गेलं. कागदावर बरं झालं." त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "सतराव्या दिवशी फडात वारलं. आईनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बाई, तुम्ही तर लई केलं आमच्यासाठी."

हिरामावशी झोळी घडी करत होती, तिचे हात थांबले.

"आणि हे सगळं होऊनही तुम्ही पुन्हा तेच केलंत?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा. नियमात बसणारा नव्हता.

"तवा दुसऱ्याच्या पोराचं खोटं लिवलं हुतं. ह्या टायमाला माझं मी लिवलं." मग जरा थांबून, "ती नदाफाची पोरगी. तिचं बाळ मी हातात घेतलं हुतं. पाच म्हैन्याचं पोर, चार किलो नव्हतं सर. मला काट्याची गरज न्हाई, हाताला कळतं. आई पोराला जवळ घेईना, म्हातारी शेळीचं दूध पाजतेय. अजून दोन म्हैनं थांबलं असतं तर ते बी गेलं असतं. आन् मी आत खुर्चीत बसून माझ्या झोपंचं बोलत हुते."

त्यांनी वही बाजूला सारली.

"आता कशी हाय ती?" त्यांनी विचारलं.

"एक्कावन्नचे सतरा झालेत."

"आकडा नगो. पोराला घेती का?"

"घेते. हल्ली सासू येत नाही. एकटीच येते, पोराला कडेवर घेऊन. बाकावर बसून पाजते."

"किती भरतं आता?"

"ते नाही सांगता येणार. आमच्याकडे काटा नाही."

बाई हसल्या. कित्येक महिन्यांत कुणी त्यांना हसताना पाहिलं नसावं, कारण हिरामावशी झोळी टाकून बघायला आली.

"मग झालं तर सर. घाला शून्य. ती पुरती बरी होस्तवर तिची जागा जायला नगो."

त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

"तिची जागा जाणार नाही. घसरलेल्या पेशंटसाठी वेगळा तास असतो. तो यादीत धरत नाहीत. कुणाच्या ऐवजी नाही, कुणाच्या आधी नाही. जो बरा होऊन गेला आणि परत घसरला, त्याला ताबडतोब मिळतो. नियम आहे."

"कागदावर हाय?"

"आहे."

असा नियम कुठेही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभा राहून शेऱ्याच्या रकान्यापासून या नियमापर्यंत सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "टाइप करून आण." केंद्राच्या नियमांत त्याला अकरावा क्रमांक मिळाला, आणि दर गुरुवारची मॅडमची जेवणाची सुट्टी त्यापायी गेली. न्यासाच्या कागदावरची ती रेघ मी माझ्या हाताने पुन्हा वर नेली. त्या साहेबांनी फोन करून विचारलं की हे असं कसं झालं. मी सांगितलं, आधीचा आकडा खोटा होता आणि तो खरा आहे असं मी लिहिलं होतं. नोकरी राहिली ती मॅडममुळे. पण हे पुढचं. त्या दुपारी तो नियम फक्त माझ्या तोंडात होता.

बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. कागदावरचं खोटं त्यांच्याइतकं ओळखणारं माणूस मला पुढे कधी भेटलं नाही. मी बघू दिलं. माझ्या चेहऱ्यावर काही उमटत नाही याचा मला आयुष्यात तेवढा एकदाच उपयोग झाला. की त्यांना दिसलं आणि तरी त्यांनी चालवून घेतलं, कुणास ठाऊक.

"मावशी," त्या म्हणाल्या, "तो काटा आता ऱ्हाऊ द्या. जावा घरला, जेवून घ्या."

मावशी गेली. मी आधीचा फॉर्म फाडला आणि पिशवीतून नवा काढला. वर नाव लिहिलं, तारीख लिहिली.

"पहिल्यापासनं वाचा," बाई म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यात रात्री झोप लागायला त्रास झाला का? अजिबात नाही म्हणजे शून्य, कधीकधी म्हणजे एक, बऱ्याचदा म्हणजे दोन, रोज म्हणजे तीन."

या वेळी त्यांनी प्रश्न शेवटपर्यंत ऐकला.

"रोज," त्या म्हणाल्या.

मी तीन लिहिले.